मानाचा कासरा

पंच्याण्णव सालच्या पोळ्याला लहानू पाटलांची एकुलती लेक वृषाली शेवगावच्या वाचनालयातलं पुस्तक मोठ्यानं वाचत होती. "इंग्लंडात लढाई जिंकणाऱ्याला राजा ड्यूक करायचा. पुढं ती पदवी थोरल्या मुलाला. मुलगा नसला तर पुतण्याला."

पाटलांनी दुखरा गुडघा चोळला. गावच्या मानाच्या बैलाचा कासरा यंदा पुतण्याच धरणार होता.

संध्याकाळी हलगी कडाडली आणि पाखऱ्या बैल उधळला. पुतण्या कासरा सोडून पारावर चढला. वृषालीनं धावत जाऊन कासरा धरला, पाखऱ्याला चुचकारलं आणि सगळ्यांच्या आधी वेशीच्या तोरणाखालून नेलं.

"नाना, तुमचा मान पोरीला कसा जाईल?" पुतण्या पारावरूनच ओरडला.

"माझा कुठं रं?" पाटील खदखदून हसले. "लढाई तिनं जिंकली. हा मान तिच्यापास्नं सुरू!"