चवीची वही

आठ किलो चारशे ग्रॅम तांदळाचा भात, एक किलो सहाशे ऐंशी ग्रॅम तूरडाळीचं सांबार, चौऱ्याऐंशी ताटं आणि चव घ्यायला एक चमचा. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी एकला दहा मिनिटं कमी असताना, गदगजवळच्या एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात एवढं सगळं तयार होतं.

चमचा दानेश्वरीच्या हातात होता. पाचवीतली पोरगी. मुलांनी मतं देऊन तिला शाळेची आहारमंत्री केलं होतं. तिने आणि अक्कोरूंनी, म्हणजे वर्गाच्या बाईंनी, चाखून वहीत सही केल्याशिवाय ताटात काही वाढायचं नाही, असा नियम होता. शेगडीपाशी उभी असलेली मुख्य स्वयंपाकीण कल्लव्वा ही तिची आई.

दानेश्वरीने सांबार जिभेवर घेतलं. थांबली. पुन्हा घेतलं.

"अव्वा, खारट आहे."

"काहीतरीच. रोजच्यासारखंच केलंय."

"तू चाखलंस?"

कल्लव्वाने नाही म्हणून मान हलवली. सोमवारचा उपवास, सकाळपासून पाण्याशिवाय तोंडात काही गेलं नव्हतं. मीठ घातलं, मग दूध पावडरीची पोती उतरवून घ्यायला ती फाटकाशी गेली, आणि परत आल्यावर... तिचा हात कपाळाकडे गेला. दोनदा पडलं होतं.

"हळू बोल," ती पुटपुटली. "लिंबू पिळते. कुणाला कळायचं नाही."

मागच्या महिन्यात डाळीत खडा निघाला तेव्हा शाळा समितीने बजावलं होतं, वहीत आणखी एक तक्रार आली की मुख्य स्वयंपाकीण बदलू.

"पहिलीतली पोरं पाण्यानेच पोट भरतील, अव्वा."

बाहेर ताटं वाजायला लागली होती. तिसरीतला मैलारी ओरडला, "ओ मंत्रीबाई, चाखता चाखता पातेलं संपवताय काय?"

दानेश्वरीने वही उघडली. आजच्या तारखेपुढे सुवर्णा अक्कोरूंची सही आधीच होती. चव: उत्तम. तिने दारात उभ्या असलेल्या अक्कोरूंकडे पाहिलं.

"अक्कोरे, तुमचाही आज उपवास ना?"

भात मोकळा करणारी हुसेनबी पदराआड हसली. अक्कोरूंचे कान लाल झाले.

"अगं, रोज चांगलंच असतं म्हणून..." वाक्य तिथेच राहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. ती पेन पुढे करून उभी होती.

अक्कोरूंनी सही खोडली. चमचाभर सांबार तोंडात घेतलं आणि घाईघाईने पाण्याचा तांब्या शोधला.

"बरं, आता काय करायचं?"

"अर्धं काढून ठेवायचं. आठशे चाळीस ग्रॅम डाळ बिनमिठाची शिजवून उरलेल्यात घालायची. कोठीतून डाळ काढायला तुमची सही लागेल." दानेश्वरी अडखळली. "आणि कारण लिहावं लागेल."

ती लिहायला बसली. सांबार खारट. मीठ दोनदा. घालणारीचं नाव. तिथे पेन थांबलं. एवढा वेळ मंत्री होती ती आता दहा वर्षांची दिसायला लागली. कल्लव्वाने ते पाहिलं. पदराला हात पुसत ती जवळ आली.

"लिही. नुसतं कल्लव्वा नको, आडनावासकट लिही. गावात तीन कल्लव्वा आहेत, उगाच दुसरीवर यायचं."

नाव लिहून झालं. त्याखाली अक्कोरूंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: न चाखता सही केली. सुवर्णा.

दानेश्वरी बाहेर गेली. तिचा आवाज आत ऐकू येत होता. "चूक झालीय. पस्तीस मिनिटं लागतील. पहिली-दुसरीने आत्ता थोडा भात खाऊन घ्या. बाकीच्यांनी थांबायचं. मीपण थांबणार आहे." मैलारी कुरकुरला, पण सगळ्यांत आधी तोच खाली बसला.

कुकरचं झाकण लावता लावता हुसेनबी म्हणाली, "तुझ्याच पोटची ना गं ही? आईची नोकरी खाईल एक दिवस."

"खाऊ दे," कल्लव्वा म्हणाली. "चाखून खाते ती."

हे म्हणताना तिची मान ताठ होती.

नवं सांबार उकळलं. कल्लव्वाने डावातले दोन थेंब तळहातावर घेतले, मनातल्या मनात शंकराची माफी मागितली आणि उपवास मोडला. मग हात पुढे करून चमचा लेकीला दिला.

शेवटची पंगत उठली तेव्हा दोन वाजून गेले होते. दानेश्वरीने ताटांत उरलेलं बादलीत गोळा केलं, बादली काट्याला अडकवली, रिकाम्या बादलीचं वजन वजा केलं आणि दोन्ही नावांच्या खाली आकडा लिहिला.

एकशे दहा ग्रॅम.