रूपेशची विचारपूस

बोईसरच्या कारखान्यात फिटर असलेल्या रूपेशला मधुमेहामुळे सुंता करून घ्यावी लागली. सैल लुंगी नेसून तो घरी पडला होता. बातमी आळीत फुटली आणि पुढारी नागोराव चार माणसं घेऊन आले.

"धर्म बदललास म्हणं?"

"धर्म नाय काका, शुगर वाढली," रूपेश कण्हला.

"आज कातडी गेली, उद्या संस्कृती जाईल!" नागोरावांनी भाषणच ठोकलं. माणसांनी माना डोलावल्या, रूपेशच्या बायकोनं, सपनानं केलेला चहा प्यायला आणि सगळे निघाले.

नागोराव तेवढे चप्पल शोधत मागं रेंगाळले. मग परत आत येऊन त्यांनी दार लोटलं.

"लई दुखतं का रे?" त्यांनी हळूच विचारलं. "मला सोमवारची तारीख दिलीय."