नकाशाच्या डावीकडे

जयंतीबाईंनी तिसऱ्यांदा वाकून नकाशाला बोटं लावली आणि कपाळाला नेली. भिंतीशी खुर्ची टाकून बसलेले त्यांचे यजमान बळवंतराव मिशीत हसले.

अहो, बाईंनी तरी काय करावं! नकाशा जमिनीवर अंथरलेला, अर्ध्या बास्केटबॉल कोर्टाएवढा. इटलीतलं ओर्टोना गाव गल्लीबोळांसकट कॅनडात, सस्काटूनच्या एका शाळेच्या जिममध्ये आणून ठेवलेलं. १९४३ च्या डिसेंबरात कॅनडाची फौज या गावात घरोघर लढली होती. आता चाळीसेक माणसं बूट काढून, नुसत्या मोज्यांवर त्या गल्ल्यांतून फिरत होती. त्यांना फिरवत होत्या जयंती मोहिते, केमिस्ट्रीच्या रिटायर्ड प्रोफेसर. पण छापील अक्षरावर पाय पडला की हात आपोआप खाली जाणार. तिथे प्रोफेसरकी काय कामाची?

“हे तुम्ही सारखं काय करता?” वॉल्टर आजोबांनी विचारलं. वय चौऱ्याण्णव, हातात वॉकर, कोटावर मेडल्स. त्या गल्ल्यांत खरोखर लढलेला घोळक्यातला हा एकटाच माणूस.

“पाय लागला ना. माफी मागते. आमच्यात नावाला पाय लावत नाहीत.”

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि आपल्या पायाखाली काय आहे ते बघून घेतलं.

बाई सांगत छान होत्या. रस्त्यावर पाऊल टाकलं की गोळी, म्हणून सैनिक एका घराची भिंत फोडून शेजारच्या घरात कसे शिरत, ते ऐकताना पोरंटोरंसुद्धा गप्प झाली. पण बाईंची नजर राहून राहून डावीकडे जात होती. तिथे नकाशा संपत होता आणि जिमची लाकडी जमीन सुरू होत होती. त्या जमिनीवर हिरव्या टेपच्या पट्ट्या होत्या. सकाळी सातला येऊन नवरा-बायकोने गुडघ्यांवर रांगत चिकटवलेल्या. एक पट्टी नदीची, एक डोंगराची, आणि एकीवर मार्करने लिहिलेलं, मराठा लाइट इन्फन्ट्री.

कॅनडाच्या फौजेच्या डाव्या हाताला हिंदी पलटणी लढत होत्या. मराठा पलटणीत बाईंचे वडील होते. उजव्या हाताची दोन बोटं ते तिकडच्या चिखलात ठेवून आले. कुठे ठेवली, हे मरेपर्यंत त्यांना कुणी विचारलं नाही. साताऱ्यात नाही, आणि इथे लेकीकडे आले तेव्हाही नाही.

टूरच्या कागदावर त्या पलटणीबद्दल एक ओळ नव्हती. बाईंनी हेदरला तीनदा विचारून पाहिलं. कार्यक्रम तिचाच. मुलगी वाईट नव्हती, पण उत्तर एकच, “जयंती, स्टे ऑन द मॅप, प्लीज.” आणि आज शेवटचा दिवस. उद्या नकाशा गुंडाळून व्हँकुव्हरला जाणार. आज राहिलं ते कायमचं राहिलं.

शेवटचा चौक झाला. हेदरने घड्याळ बघून टाळ्या वाजवल्या. “थँक यू, एव्हरीवन!”

बाईंनी बळवंतरावांकडे पाहिलं.

“अगं, बघतेस काय माझ्याकडे?” बळवंतराव तिथूनच खणखणीत मराठीत म्हणाले. “हो पुढे! सकाळी गुडघे काय उगाच मोडून घेतले?”

बाईंनी नकाशाच्या बाहेर पाऊल टाकलं.

“टूर संपलेली नाही,” त्या म्हणाल्या. दोनशे पोरांचा वर्ग गप्प करणारा तो जुना आवाज आज बऱ्याच वर्षांनी निघाला होता. “फक्त नकाशा संपलाय.”

“जयंती, प्लीज...” हेदर म्हणाली.

माणसं नकाशाच्या काठावर थबकली. कुणी हलेना. आता या वयात सगळ्यांदेखत शोभा होणार!

तेवढ्यात वॉकर खडखडला.

“डावीकडचं आम्हाला काही दिसायचं नाही,” वॉल्टर म्हणाले. “गोळीबार तेवढा ऐकू यायचा. तो चालू आहे तोवर आपली डावी बाजू शाबूत, म्हणून घटकाभर डोळा लागायचा. कोण होतं तिथे?”

“माझे वडील,” बाई म्हणाल्या.

म्हातारा नकाशावरून उतरला. मागोमाग त्याची लेक उतरली, मग सगळा घोळका, आणि सगळ्यांत शेवटी हेदर. बाईंनी वीस मिनिटं सांगितलं. नदी सांगितली, डोंगर, चिखल आणि ती दोन बोटं. हातात कागद नव्हता आणि आवाज एकदाही कापला नाही. बळवंतराव मात्र चष्मा काढून उगाच पुसत होते.

परत फिरताना वॉल्टर आजोबांचा पाय मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पट्टीवर पडला. ते थांबले. वॉकर एका हाताने घट्ट धरून हळूहळू खाली वाकू लागले. पडतात की काय म्हणून लेक धावली, तिला त्यांनी मानेनेच अडवलं. बोटं पट्टीला लावली, कपाळाला नेली, आणि हात तसाच कपाळाशी ताठ ठेवून ते उभे राहिले.