लोणच्याची बरणी

दर सोमवारी आरोग्य खात्याची आशा सेविका वृषाली स्कूटीवरून येऊन कोळवणच्या धोंडाबाईचं बीपी मोजायची. आजूबाजूला पुणेकरांची कुलुपबंद फार्महाऊसं. दुसरं कुणी यायचं नाही. दंडावरचा पट्टा फुगून आवळला, की म्हातारीला कुणीतरी हात धरल्यासारखं वाटायचं. मीठ कमी करायचं म्हणून वृषालीनं लोणच्याची बरणी पहिल्याच दिवशी खालच्या आळीतल्या केशरबाईकडं ठेवायला दिली होती. चार महिने धोंडाबाईनं अळणी कालवण गुमान गिळलं. आज आकडा बघून वृषाली हरखली. “आजी, बीपी आटोक्यात आलं बघा. आता दर सोमवारी यायला नको, तीन महिन्यांनी येईन.” “च्या तरी घे की.” “पुढच्या खेपेला,” म्हणत तिनं पट्टा सोडला. स्कूटीचा आवाज विरेपर्यंत धोंडाबाई दंड धरून बसली. मग आळीत उतरली. “केशरे, माझी बरणी दे.” “बरी झालीस व्हय?” “व्हय,” धोंडाबाई म्हणाली, “जरा जास्तीच.”