वीस मिनिटांचं सर्किट

शहाण्णवच्या लग्नसराईत गावात कुणालाही मुलगी बघायला जायचं असलं, की जीप भीमराजची, आणि तीही फुकट. रेडिओ दुरुस्त करणारा भीमराज वैतागला. इंजिनासाठी घरीच बनवलेल्या कंट्रोलच्या डब्यात त्याने आणखी एक सर्किट बसवलं. लपवलेलं बटण दाबलं नाही, तर वीस मिनिटांनी इंजिन बंद.

पोरासाठी मुलगी बघायला गेलेल्या कानिफनाथने संध्याकाळी जीप ट्रॅक्टरला बांधून आणली, ती पेढे वाटतच. "मिरजगावात बंद पडली. समोरच्या घरी पानी मागितलं, अन् पोराची सोयरीक थितंच जुळली."

सकाळपर्यंत सर्किटची गोष्ट गावभर झाली. भीमराजच्या दारात लग्नाच्या मुलांचे तीन बाप नारळ घेऊन उभे. एकजण हळूच म्हणाला, "आमच्या येळंला श्रीगोंद्यात बंद पडंल असं बसव. तिकडं ऊसवाले लई हायेत."