मामाचा मान

मागच्या साली कापूस वेचताना मला साप चावला. दवाखान्यात औषध दिलं, अन् तिसऱ्या दिवशी मी चहात साखर न्हाई म्हणून नर्सला झापलं. डॉक्टर म्हणाला, "मावशी, हे औषध घोड्याच्या रक्तातून बनतं. त्याला सापाचं विष थोडं थोडं टोचतात, मग रक्त काढतात."

"त्याला इचारलं व्हतं का कोणी?"

डॉक्टर हसत पुढच्या खाटेकडं गेला.

परवा परतूरला माझ्या धाकट्याचं, कल्याणचं लगीन होतं. वरातीचा घोडा आला. कल्याण वर चढायला लागला तशी मी ओरडले, "उतर! ह्याच्या जातभाईनं माझ्यासाठी अंगात इख घेतलं. म्हंजी हा माझा भाऊ, तुझा मामा. मामाच्या पाठीवर बसतो व्हय रं?"

घोड्याला फेटा बांधला. मामा पुढं, नवरदेव मागं पायी. हसून हसून बँडवाल्याची पिपाणी वाजंना.

मांडवाच्या दारात विहीणबाई पाय धुवायला तांब्या घेऊन उभ्या. "नवरदेवाचे मामा कुठायत?"

मी लगाम पुढं केला. "हे काय. पण तांब्यानं भागायचं न्हाई, विहीणबाई. चार पाय हायेत, बादली आणा."