चौथा हिस्सा

मॅडमनी प्रबंधाच्या पहिल्या पानावर सहीसाठी पेन टेकवलं, तेवढ्यात चिकट म्हणाली, "मॅडम, एक मिनिट थांबता?"

एखादा प्रश्न धरला की ही मुलगी सोडत नसे, म्हणून विभागात तिचं नाव चिकट पडलं होतं. कुणी तोंडावर म्हटलं तरी तिला राग येत नसे. तिला ती पदवीच वाटे. खरी पदवी मिळायला अजून ही सही बाकी होती.

खिडकीजवळच्या खुर्चीत सर पेपर वाचत बसले होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते रोज येत. घरात पायात पायात नको म्हणून बायकोच डबा देऊन पाठवते, असं स्वतःच सांगत. सर मॅडमचे गाइड, मॅडम चिकटच्या गाइड. त्या नात्यानं मुलं सरांना पाठीमागे आजोबा म्हणायची. समोर म्हटलं असतं तरी सरांना आवडलंच असतं, पण विचारायला कोण जाणार?

"आता काय राहिलं?" मॅडम म्हणाल्या. "ऑफिस बंद होईल. आज जमा झालं नाही तर नोकरी देणारं ते कॉलेज तुझी जागा दुसऱ्या कुणाला देईल. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. पण तिसरं प्रकरण, मॅडम. ते वाक्य. ऐकलेल्या व्याख्यानातला चौथा हिस्साच दुसऱ्या दिवशी लक्षात राहतो."

"मग? अख्खं प्रकरण त्याच्यावर तर उभं आहे."

"ते मोजलं कुणी, हे शोधत होते. सगळे सरांच्या पुस्तकाचा हवाला देतात. सरांनी तुमच्या पुस्तकाचा दिलाय. तुमच्या आत्ताच्या आवृत्तीत वाक्य आहे, आधार काहीच नाही, म्हणून पहिली आवृत्ती मिळवली. ती काल हाती आली. तिच्यात तळटीप आहे." चिकट अडखळली. "सरांच्या वर्गात ऐकलेलं, अशी."

सरांचा पेपर खाली आला.

मॅडम उठल्या आणि कपाटातून आपलं पुस्तक काढून उगाच चाळत राहिल्या. या पुस्तकाच्या जिवावर त्या विभागप्रमुख झाल्या, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण ते नसतं तर झाल्या नसत्या, हेही खरं.

"सर, तुम्ही हे कुठं वाचलं होतं?" त्यांनी विचारलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. "वाचलं नव्हतं गं. दुपारचा तास होता, मागची पोरं डुलक्या घेत होती. त्यांना जागं करायला म्हटलं, उद्या यातला चौथा हिस्साच डोक्यात उरेल तुमच्या. आकडा ऐकला की माना वर होतात."

"म्हणजे फेकलात?"

"फेकलाच म्हण."

"अहो, मग स्वतःच्या पुस्तकात कसा घातलात?"

"तुझ्या पुस्तकात दिसला म्हणून!" सर कळवळून म्हणाले. "मला वाटलं, हिनं नंतर मोजून पाहिलं असणार. माझी विद्यार्थिनी तपासल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही, असं मी सगळीकडे सांगत फिरायचो."

"आणि मी सांगायचे, आमचे सर मोजल्याशिवाय आकडा तोंडातून काढत नाहीत."

एवढी माया असल्यावर तपासायला जातंय कोण!

चिकटला मात्र आपण कुणाच्या तरी घरात भांडण लावल्यासारखं झालं. "सॉरी," ती पुटपुटली.

"तू कशाला सॉरी? मी पुढच्या आवृत्तीत ते वाक्य काढते, कारणासकट." मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तू आत्ता एवढंच कर. त्या वाक्याच्या शेवटी 'असे मानले जाते' घाल. खोटं नाही ते. मानतात सगळे. तेवढं पान बदल, मी सही करते, आणि पळ."

चिकटनं क्षणभर विचार केला. तिलाही ती नोकरी हवी होती, आणि तीन शब्दांत काम होत होतं.

"मानतात, मॅडम. पण ते तुमच्या दोघांमुळेच मानतात ना?"

सरांना खोकला आला.

"मग करणार काय तू?"

"मोजते. पहिल्या वर्षाचे वर्ग आहेतच. हे सत्र जाईल त्यात."

"आणि ती जागा?"

"त्यांना फोन करून खरं ते सांगते. थांबले तर थांबले." प्रबंधावर ठेवलेला तिचा हात हलला नाही.

मॅडमनी पेनला टोपण लावलं आणि प्रबंध तिच्याकडे सरकवला.

सर खुर्चीत पुढे सरकले. "मोजल्यावर काय निघेल गं? चौथा हिस्साच निघेल?" त्यांच्या आवाजात आशा होती. "निदान त्याच्या आसपास?"

"माहीत नाही, सर," चिकट म्हणाली. चहा घेणार का विचारल्यावर नको म्हणावं, इतक्या सहज म्हणाली. प्रबंध काखेत मारून, मोबाइलवर कॉलेजचा नंबर शोधत ती बाहेर पडली.

सर दाराकडे बघत हळूच म्हणाले, "हे असं 'माहीत नाही' म्हणायला हिला तू शिकवलंस?"

"छे हो, सर," मॅडम म्हणाल्या. "मलाच कुठं जमतं?"